चौकटीची वही

लू निघून गेला त्याला आता सात महिने झाले.
जालन्याच्या एमआयडीसीत, आमच्या रोलिंग मिलमध्ये
यंत्र बसवायला आलेला सव्वीस वर्षांचा पोरगा,
थर्मासमधून नुसतं गरम पाणी पिणारा.
यंत्राचा पडदा चिनी. माहितीचं पुस्तक चिनी.
मालक म्हणाले, इंग्रजी येतंय महिनाभरात.
मी वायरमन. वाट बघायची सवय आहे मला,
चालू यंत्रापुढं मुकं उभं राहायची नाही.

म्हणून ईश्वरीची गणिताची वही घेतली, चौकटीची.
ती दुसरीत. ती 'क्ष' गिरवायची,
मी शेजारी बसून 'शेत'.
"पप्पा, तुमच्या अक्षराच्या डोक्यावर रेघ कुठंय?"
खरंच की. आपली अक्षरं दोरीवरच्या धुण्यासारखी
एकाच रेघेला धरून लोंबतात.
ह्यांना धरायला काहीच नाही.
ज्यानं त्यानं आपापल्या घरात
आपल्या पायावर उभं राहायचं.

'शेत' म्हणजे चार वाफे.
मी चौकोन काढला, आत अधिकची खूण केली.
दिसायला अगदी बरोबर.
लूनं मान हलवली. त्याच्या वतीनं मोबाईल हिंदीत बोलला:
"बनाया है. लिखा नहीं."
मग माझं मनगट धरून
डावा बांध. वरून वळून उजवा.
आत आडवी, मग उभी.
खालचा बांध सगळ्यात शेवटी.
आधी आत घ्यायचं, मग दार लावायचं.

शेचाळिसाव्या वर्षी हात ऐकत नाही.
रात्री पन्नास वेळा लिहिलेलं
सकाळी पहिल्या तांब्यासरशी वाहून जायचं.
गिरवून भागेना, तेव्हा गोष्टी रचल्या.
'वीज': चौकोनातून खाली निघालेली वाकडी शेपूट.
हा तर आकडा! ठेकेदाराकडं असताना
तारांवरून असे शेकड्यानं उतरवलेत मी.
'थांब': पाणपोईशेजारी उभा माणूस. अकरा रेघा.
लाल बटण दाबायला एक बोट पुरतं.
लूला पाणपोई सांगता सांगता जेवणाची सुट्टी संपली.
फुकट पाणी? रस्त्यावर? कुणासाठी?
"कुणासाठीबी," मी म्हणालो.
मोबाईलला ते जमलं नाही.

शिफ्टमधली पोरं हसायची,
"भुजंगमामा, शेवया लिहिताय व्हय?"
बायको परात ओढून घ्यायची,
"पीठ हाय ते, पाटी न्हाई."

मग मे महिन्यातली ती रात्र. पावणेतीन.
सळई लालबुंद, आणि यंत्र गप्प.
पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकत होती.
इंग्रजी पुस्तक अजून यायचंच होतं.
दुसरं अक्षर ओळखीचं:
मधे हूक, दोन्ही अंगांना शिंतोडे. पाणी.
पहिल्यानं दमवलं. कधी लिहिलंच नव्हतं.
डोकं चालेना, म्हणून बोट चालवलं,
हवेत, वरून खाली, डावीकडून उजवीकडं,
दहा रेघा.
डावीकडं रांजण.
उजवीकडं काहीतरी तुटलेलं, खिंडार पडलेलं.
फुटका रांजण. पाणी.

पोरं पॅनल उघडून बसली होती, टेस्टर तोंडात धरून.
म्हणालो, आधी टाकी बघा.
टाकी कोरडीठाक.
टँकर अंबडच्या रस्त्यावर पंक्चर होऊन पडलेला.

समुद्र ओलांडून, ट्रेलरवर बसून आलेलं एवढं धूड,
माझ्याशी पहिल्यांदा बोललं तर काय बोललं!
आमच्या गल्लीतल्या बाया
आठ दिवसांनी एकदा नळापाशी जे बोलतात, तेच.

टँकर येईस्तोवर वही काढली.
दोन अक्षरं, बारा चौकटी. ग्रीसचा अंगठा उमटला एकीवर.
लूला फोटो पाठवला.
सकाळी उत्तर आलं, तसंच मोबाईलच्या हिंदीत:
रांजणाची तिसरी रेघ जरा लांब हवी.
आणि खाली,
पानी आया क्या?